अकरा पावलं, पाठ चिंचेला

“कशाला?” हा त्यांच्या तोंडून मी ऐकलेला पहिला शब्द.

नारायण पेठेतल्या एका इमारतीचा दुसरा मजला. दार बोटभर उघडलेलं, आतली साखळी तशीच अडकवलेली, आणि त्या फटीतून एक डोळा आणि अर्धा चष्मा माझ्याकडे बघतोय. मी एवढंच म्हणालो होतो की डिजिटल कॅमेरा शिकायचाय. दुसरा कुठलाही क्लासवाला ‘या, बसा’ म्हणाला असता. हे म्हणाले, “कशाला?”

“आवड म्हणून.”

“आवड म्हणून माणूस आंबे खातो. कॅमेरा घेणाऱ्याला काहीतरी कारण असतं. आठवलं की या.” आणि दार लागलं.

आता बोला. मी सॉफ्टवेअर कंपनीतला माणूस, गळ्यात ओळखपत्र घालून हिंडायची सवय, आणि पेठेतला एक म्हातारा मला दारातून परत पाठवतो म्हणजे काय! आठवडाभर चरफडलो आणि पुढच्या रविवारी पुन्हा गेलो. या वेळी म्हणालो, “शेताचे फोटो काढायचेत.”

“शेत कुठे?”

“लोणी काळभोरला.”

“कोणाचं?”

“आमचंच.”

फटीतला डोळा बारीक झाला. “स्वतःच्याच शेताचे फोटो,” ते म्हणाले, “बरं.” आणि साखळी निघाली. त्या ‘बरं’मध्ये त्यांना सगळं कळून चुकलं की काय, अशी शंका मला पुढे कितीतरी दिवस कुरतडत होती.

पुण्यात तेव्हा ज्याला त्याला डिजिटल कॅमेरा हवा झाला होता. कंपनीतलं कोणी अमेरिकेला जाऊन आलं की चॉकलेटांबरोबर कॅमेरा यायचाच. माझाही तसाच आला होता. रोल धुणारी दुकानं झेरॉक्स काढायला लागली होती आणि आमच्या सरांसारखी माणसं घरबसल्या क्लास घ्यायला लागली होती. सरांचा अर्धा जन्म विमा कंपन्यांसाठी ठोकरलेल्या गाड्यांचे फोटो काढण्यात गेला होता. ट्रक कुठे उभा होता, स्कूटर कोणत्या बाजूला पडली, चाकाचा ओरखडा कुठून कुठे गेला, हे ते टिपायचे, आणि त्यावरून लोकांना भरपाई मिळायची किंवा मिळायची नाही. त्यामुळे फोटो सुंदर आला की वाईट, याच्याशी त्यांना काही देणंघेणं नव्हतं. “फोटो कोणी काढला, कधी काढला आणि कुठे उभं राहून काढला, हे सांगता येत नसेल तर तो फोटो नाही. अफवा आहे,” असं ते म्हणत.

पहिला अख्खा रविवार तारखेत गेला. आम्ही आठ जण सतरंजीवर बसलेलो. सरांनी एकेकाचा कॅमेरा हातात घेऊन त्याची तारीख-वेळ स्वतःच्या मनगटावरच्या घड्याळाशी जुळवून पाहिली. बँकेतून निवृत्त झालेल्या एक काकू होत्या, नातवासाठी शिकायला आलेल्या. त्यांच्या कॅमेऱ्यात बॅटरी काढून घातल्यामुळे तारीख पुसली जाऊन चार वर्षांपूर्वीची एक जानेवारी लागली होती. सर म्हणाले, “काकू, तुमच्या कॅमेऱ्याच्या मते मी अजून साठीचासुद्धा नाही. मला बरं वाटतंय, पण खरं नाही ते.” काकू हसल्या. सर हसले नाहीत. त्यांनी तारीख नीट होईपर्यंत काकूंना चहा दिला नाही.

दुसऱ्या रविवारी आमच्या सगळ्यांच्या कॅमेऱ्यांच्या पडद्यांवर काळा कागद लावून वर रबर अडकवलं. डिजिटलची सगळी मजा फोटो लगेच दिसण्यात, आणि हे तेच झाकून बसले! वरच्या छोट्या भोकातून बघायचं, बटण अर्धं दाबायचं, थांबायचं. “कॅमेऱ्याला जरा विचार करू द्या. तुम्ही करत नाही, निदान त्याला करू द्या.” मग पूर्ण दाबायचं. फोटो घरी जाऊन बघायचा. आवडला नाही तरी खोडायचा नाही, ही सक्त ताकीद. खोडणारा माणूस काहीतरी लपवत असतो, असं त्यांचं ठाम मत.

आणि खडू. सरांच्या शर्टाच्या खिशात पेनाच्या शेजारी कायम पांढरा खडू. फोटो काढायच्या आधी ते वाकून, गुडघे कुरकुरत असताना, स्वतःच्या चपलांभोवती खडूने रेघ मारून घेत. मगच कॅमेरा डोळ्याला. आम्हालाही तेच करायला लावत. दोन तासांत त्यांच्या फरशीवर आणि गॅलरीत सोळा पावलं उमटायची. काकू एकदा म्हणाल्या, “अहो सर, लक्ष्मीची पावलंच काढतोय की आपण.”

“लक्ष्मी एकदाच येते,” सर म्हणाले. “तुम्हाला पुन्हा त्याच जागी यायचंय.”

घरी एकटेच राहात. बाहेर जाताना दाराला कुलूप लावून त्या कुलपाचा फोटो काढत, परत आल्यावर फोटो आणि कुलूप शेजारी शेजारी धरून बघत आणि मगच किल्ली लावत. पूर्वी रोलच्या खर्चामुळे हे परवडत नव्हतं, असं त्यांनी मला एकदा खुशीत सांगितलं. सगळ्या डिजिटल क्रांतीतून त्यांना मिळालेलं सुख ते एवढंच. कॅमेरे तांदळाच्या डब्यात, दमट हवेचा भरवसा नाही म्हणून. चहा समोर ओतलेला दिसला तरच पीत. आमच्याकडून त्यांनी एक वही लिहून घेतली. फोटोचा क्रमांक, वेळ, कुठे उभे, उजेड कुठून, झूम किती, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं. दर रविवारी ती तपासत आणि प्रत्येक ओळीपुढे तांबड्या शाईने एक प्रश्नचिन्ह काढत. बरोबर असलं तरी प्रश्नचिन्ह, चूक असलं तरी प्रश्नचिन्ह. मी मनात म्हणायचो, हा माणूस लग्नपत्रिकेवरसुद्धा प्रश्नचिन्ह काढत असेल. एकदा ते चहा करायला आत गेले तेव्हा त्यांची स्वतःची वही मी हळूच उघडून पाहिली. तिच्यातही तसंच, ओळीमागून ओळी.

आता माझं खरं कारण सांगतो, कारण सरांना सांगायला मला फार उशीर झाला.

मी कॉलेजात असताना वडील गेले. आमची आणि चुलत्यांची शेतं शेजारी शेजारी, मधे एक बांध, बांधाच्या टोकाला हद्दीचा दगड, आणि दगडाच्या मागे आमच्या बाजूला दोन्ही घरांच्या पाण्याच्या मोटारीची खोली. चुलतेही तोवर गेले होते. त्यांचा मुलगा, माझा थोरला चुलतभाऊ, त्याला मी दादा म्हणतो. वडिलांच्या मागे आमचंही शेत दादानेच कसलं. माझं इंजिनिअरिंग झालं ते त्याच्या जिवावर. सुट्टीत गेलो की मला नांगराला हात लावू द्यायचा नाही. “तुझं हात पुस्तकाचं हायती,” म्हणायचा. आणि या माणसावर नजर ठेवायला मी कॅमेरा शिकत होतो. लिहितानाही लाज वाटते, पण होतो.

सुरुवात आईच्या एका फोनने झाली. “बांध सरकतोय बघ,” आई म्हणाली. “आपल्या चार वाफ्यांचं साडेतीन झाल्यागत वाटतंय. म्या काय बोलत न्हाय. पर तू बघ.” सोलापूर रस्त्याच्या कडेच्या जमिनींना तेव्हा सोन्याचा भाव आला होता. ज्यांनी आयुष्यभर भावाला भाकरी दिली, ते फूटभर जागेवरून कोर्टात उभे राहात होते. मनात शंकेची पाल चुकचुकली ती चुकचुकलीच. दादाला विचारावं, तर तो ‘न्हाय’ म्हणणार. मोजणी मागवावी, तर गावभर बोभाटा. म्हणून म्हटलं, गुपचूप फोटो काढत राहू. दर महिन्याला एक. दगड हलला तर दिसेलच की.

योगायोग असा, की सरांनी वर्षभराचा अभ्यासही तोच दिला. एकच वस्तू, एकाच जागेवरून, जमेल तेव्हा काढत राहायची आणि काय बदललं ते लिहायचं. काकूंनी बाल्कनीतलं जास्वंदीचं रोप घेतलं. मी म्हणालो, “शेतातला एक दगड.”

सरांनी चष्म्यावरून पाहिलं. “दगड वाढतो का?”

“नाही.”

“फुलं येतात?”

“नाही सर.”

“मग तो हलेल असं तुम्हाला वाटतंय,” ते म्हणाले आणि पुढच्या माणसाकडे वळले. माझे कान तापले. जाताना मात्र त्यांनी मला थांबवलं. “मातीत खडू चालत नाही. चुन्याची फक्की घ्या. आणि पाठीला काहीतरी न हलणारं घ्या. झाड, भिंत. फक्की पावसाने जाते.”

उन्हाळ्यातल्या एका सकाळी मी शेतात गेलो. दगडासमोर अकरा पावलांवर जुनी चिंच आहे, तिच्या खोडाला पाठ टेकवली, बुटांभोवती चुन्याची फक्की भुरभुरली आणि फोटो काढला. पुढे दगड, मागे लांबवर मोटारीची खोली, काडेपेटीएवढी. वहीत लिहिलं, ‘दगडापासून अकरा पावलं, पाठ चिंचेला. झूम नाही.’ एवढ्यात दादा बैल घेऊन तिकडून आला.

“काय रं इंजिनेर, दगडाचा फोटू कशापायी?”

“क्लासचा अभ्यास आहे दादा.”

तो माझ्या पायाकडे बघत होता. पांढऱ्या चुन्यात उमटलेली दोन पावलं. बैल वळवून निघून गेला. मला वाटलं, चोराच्या मनात चांदणं, दुसरं काय!

पुढच्या दोन महिन्यांत आईकडून कळलं की दादा तलाठ्याकडे जाऊन दोन्ही शेतांचा सातबाऱ्याचा उतारा काढून आला. झालं. ज्याच्या पोटात पाप नाही, त्याला उतारा कशाला लागतो? मी तर आता खात्रीनेच बघायला लागलो. दादा फोनवर कमी बोलायला लागला. मी कमी बोलतोय म्हणून तो कमी बोलत असेल, हे काही माझ्या डोक्यात आलं नाही.

त्याच दिवसांत एका रविवारी सर झूम शिकवत होते. मला त्यातलं काही सांगता येणार नाही, कारण नेमका तेव्हा आईचा फोन आला आणि मी गॅलरीत जाऊन अर्धा तास बांधाविषयी बोलत बसलो. आत आलो तेव्हा सगळे कॅमेरे पिशवीत घालत होते. सर म्हणाले, “आजचा धडा कोणाकडून तरी समजून घ्या.” मी मान डोलावली आणि विसरलो. म्हटलं, झूमचं बटण तर बटण, त्यात शिकण्यासारखं काय असणार?

दर महिन्याचा बेत कामात राहूनच गेला. दिवाळीत घरी गेलो. पाऊस संपलेला, फक्कीचं नावनिशाण नव्हतं. दादाने आदल्याच दिवशी पाणी सोडल्यामुळे चिंचेभोवती घोटाभर चिखल. आणि माझ्या पायांत नवे बूट. मी चिखलात गेलो नाही. चिंचेच्या मागच्या गाडीवाटेवर, झाड आडवं येऊ नये म्हणून जरासा बाजूला उभा राहिलो, दगड पूर्वीएवढाच मोठा दिसेपर्यंत झूम केलं आणि काढला फोटो. वहीत ‘वरीलप्रमाणे’ लिहिलं. झूमचा रकाना कोरा सोडला.

पुण्यात येऊन संगणकावर दोन्ही फोटो शेजारी लावले आणि मला घामच फुटला. उन्हाळ्यातल्या फोटोत मोटारीची खोली दगडापासून लांब, बोटभर. दिवाळीच्या फोटोत तीच खोली भली मोठी होऊन दगडाच्या पाठीवर येऊन बसलेली! दगड खोलीकडे, म्हणजे आमच्या शेतात सरकला होता. पाच-सहा पावलं तरी. डोकं असं फिरलं, की तसाच फोन उचलला.

“दादा, दगड कुणी हलवला?”

“काय म्हणलास?”

“फोटो आहेत माझ्याकडे. तारखेसकट. खोटं बोलू नकोस.”

तो म्हणाला, “बरं.” आणि फोन ठेवला. तो गुरुवार होता.

रविवारी मी दोन्ही फोटोंच्या मोठ्या प्रती काढून नेल्या आणि क्लास सुटल्यावर सरांकडे थांबलो. मोजणीचा अर्ज लिहून तयार होता. त्याला जोडायला, हे फोटो अस्सल आहेत, यात काही फेरफार नाही, अशी सरांची सही हवी होती. सगळं सांगितलं. दादाचं, आईचं, फोनचं. सर ऐकत होते. शेवटी म्हणाले, “कार्ड द्या. वही द्या.”

त्यांनी कार्ड संगणकात घातलं. प्रत्येक फोटोच्या मागे कॅमेरा स्वतःहून काय काय लिहून ठेवतो, ते त्यांनी उघडलं. वेळ, उजेड, भिंग किती लांब होतं. एक आकडा माझ्या उन्हाळ्याच्या फोटोचा, एक दिवाळीचा. दुसरा पहिल्याच्या जवळजवळ तिप्पट. मग वहीतला कोरा रकाना. त्यावर त्यांनी क्लासमध्ये वही तपासतानाच काढलेलं तांबडं प्रश्नचिन्ह मला तेव्हा पहिल्यांदा नीट दिसलं.

“पाठ चिंचेला होती?”

“...नाही सर. चिखल होता.”

“मागे गेलात, आणि झूम करून दगड जवळ ओढलात. मागे जाऊन ओढलं की पाठीमागचं सगळं पुढे येतं. मागची खोली मोठी होते, दगडाला येऊन चिकटते. काकूंच्या जास्वंदीवर मी हे अर्धा तास करून दाखवलं होतं.” त्यांनी दोन्ही फोटो माझ्यासमोर ठेवले. “दगड हलला नाही. तुम्ही हललात.”

तोंडात मारल्यासारखं झालं. मी म्हणालो, पण सातबारा? तो का काढला मग त्याने? सर म्हणाले, “ते मला माहीत नाही. फोटोत नाही ते.” थोडा वेळ ते तांदळाचा डबा उघडून उगाच आत बघत बसले. मग न विचारता सांगायला लागले. सोलापूर रस्त्यावर एक स्कूटर आणि ट्रक. स्कूटरवाला गेलेला. सरांनी फोटो काढला त्यात स्कूटर पांढऱ्या पट्टीच्या पलीकडे, म्हणजे चुकीच्या बाजूला दिसत होती. त्याच्या बायकोला काही मिळालं नाही. महिन्याभराने दुसऱ्या कामाला तिथून जाताना सर सहज थांबले आणि त्यांच्या लक्षात आलं, की रस्ता तिथे वळतो. ज्या जागेवरून त्यांनी फोटो काढला, तिथून पट्टीच्या अलीकडची वस्तूसुद्धा पलीकडे दिसते. “मी दीड पाऊल उजवीकडे उभा होतो. ऑफिसात जाऊन सांगितलं. ते म्हणाले, फाइल बंद झाली.” एवढं बोलून त्यांनी डबा लावला. “तेव्हापासून खडू.”

आणि मी समजत होतो, की हा माणूस जगावर संशय घेतो! लोक होतेच त्यात, पण पहिला नंबर त्यांचा स्वतःचा होता.

“चला,” सर उठले. “गाडी आहे ना? कॅमेरा, वही आणि उन्हाळ्याचा फोटो घ्या.”

मोटारसायकलवर बसण्याआधी त्यांनी दोन्ही ब्रेक स्वतः दाबून पाहिले. कुलपाचा फोटो काढला. हडपसरच्या पुढे दर दोन मिनिटांनी मला ‘हळू’ म्हणत राहिले. मी मात्र मनात एकच वाक्य घोकत होतो. दादा, चुकलो. दुसरं काही सुचतच नव्हतं.

शेतात पोचलो. दादा बांधावर बसला होता, जणू आमचीच वाट बघत. मी त्याच्याकडे बघितलंच नाही. आधी चिंचेला पाठ लावून उभा राहिलो आणि समोर बघतो तर दगड जागेवर नाही. होता, पण दादाच्या शेतात चांगला सात-आठ पावलं आत. मूळ जागा पाणी सोडून चिखलात सपाट केलेली, कुठे काय होतं ते कळूच नये अशी.

“दादा, हे काय?”

“तुला पायजे हुता नव्हं,” दादा म्हणाला. “घे. शुक्करवारी सकाळीच काढला पहारीनं. तुजी बाजू आता मोठी झाली. अजून पायजे आसंल तर सांग, तितकाबी सरकवतो.”

घोकलेलं वाक्य राहूनच गेलं.

“दादा, तू सातबारा...”

“तू चुन्यानं पावलं काढलीस शेतात. हितं चुना कवा पडतो, ठावं हाय ना? प्लाट पाडताना. म्या म्हणलं, इकायला काढली यानं. मला इचारलंबी न्हाय. म्हून उतारा काढून आलो, नावं सही हायती का बघाया.” त्याने सरांकडे पाहिलं. “हे कोण? बिल्डर?”

“नाही,” सर म्हणाले. “मी यांना फोटो शिकवतो. नीट शिकवलं नाही, म्हणून आलोय.” आणि दादाला काही कळायच्या आत ते चिंचेपाशी जाऊन, कमरेत वाकून, उन्हाळ्याचा फोटो डोळ्यांसमोर धरून उभे राहिले. “दगड उचला दोघे. यांच्या शेतातून इकडे आणा.”

मी नवे बूट काढून बांधावर ठेवले आणि चिखलात उतरलो. एका बाजूला दादा, एका बाजूला मी. दगड भयंकर जड. त्याने एकट्याने तो कसा नेला असेल, आणि नेताना काय काय वाटलं असेल, या विचाराने माझ्या डोळ्यांत पाणी आलं. सर खोडापाशी पाठ टेकवून सांगत होते. “डावीकडे. अजून. खोलीचा कोपरा आणि दगडाची कड यांत बोटभर जागा हवी. थांबा. एक वीत मागे.” मग ते स्वतः धोतरासारखी पँट वर धरून चिखलातून चालत आले, पावलं मोजत. “नऊ, दहा, अकरा. ठेवा.”

ठेवला. दगड खाली टेकला तसा कोपरभर आत गेला. तिथली माती पोकळ होती, नुकती उकरून भरलेली.

“हितंच हुता,” दादा म्हणाला.

सर त्याच्याकडे बघत राहिले. “हे तुम्हाला माहीत होतं. आधी सांगायचं होतंत.”

“तुमी इचारलं न्हाय. आन म्हणलं, बघू तरी, मास्तरला गवसतंय का.”

त्या दोघांनी एकमेकांकडे ज्या नजरेने पाहिलं, ती मी विसरणार नाही. दोघेही एकाच शाळेतले निघाले. मी एकटाच तिथे बूट काढून उभा होतो.

सरांनी माझ्या हातात कॅमेरा दिला. मी चिंचेला पाठ लावून, झूम न करता, बटण अर्धं दाबून, थांबून, फोटो काढला. मग वही उघडली. वेळ लिहिली, उजेड लिहिला, अकरा पावलं, पाठ चिंचेला, झूम नाही. शेवटच्या रकान्यापाशी, मागच्या वेळेपेक्षा काय बदललं, तिथे पेन अडलं. बराच वेळ अडलं. मग लिहिलं, ‘दगड मी हलवला.’

“काय लिवलं?” दादाने विचारलं. मी वही त्याच्यापुढे धरली. त्याने अक्षर अक्षर लावून वाचलं. “म्या काढला की रं पहारीनं. तू कुटं?”

“न्हाय दादा,” मी म्हणालो. “हलवला म्याच.”

तो खांद्यावरच्या पंचाने हात पुसून घराकडे निघाला. आमच्याबरोबर चहालाही थांबला नाही. पुढे बोलणं सुरू झालं, येणं-जाणंही सुरू झालं. पण मोटारीच्या खोलीची एकच किल्ली असायची, ती पिढ्यान्‌पिढ्या दादाच्या घरात खुंटीला. त्या संक्रांतीला तो तिची दुसरी करून आईकडे देऊन गेला. “ऱ्हावू दे तुमाकडंबी,” एवढंच म्हणाला. मी ती किल्ली आजवर कुलपात घातलेली नाही.

सर जाऊन आता बरीच वर्षं झाली. वही अजून माझ्याकडे आहे. त्या दिवशी दादा गेल्यावर सरांनी ती मागून घेतली, खिशातलं तांबडं पेन काढलं, टोपण उघडलं आणि वरपासून एकेका ओळीपुढे प्रश्नचिन्ह काढत आले. वेळेपुढे, उजेडापुढे, अकरा पावलांपुढे, अगदी स्वतः मोजलेल्या असूनही. शेवटच्या ओळीवर आले, ती दोनदा वाचली, पेनाला टोपण लावलं आणि वही मला परत दिली.